फ्रॅटर्निटीचं वार्षिक बँक्वेट: ईमेल पुरत नाही, अक्षत द्यावी लागते

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ओहायोतल्या युनिव्हर्सिटीतून तुम्ही २०१९ साली बाहेर पडलात. तुमच्या फ्रॅटर्निटीच्या माजी सदस्यांच्या मंडळानं वार्षिक बँक्वेटची जबाबदारी तुमच्यावर टाकली. तुम्ही ६०० ईमेल पाठवल्या, हॉटेलला ६० ताटांची हमी दिली आणि आले ३१ जण, तेही बहुतेक सत्तरीच्या पुढचे. उरलेल्या २९ ताटांचे पैसे तुम्ही आणि खजिनदारानं खिशातून भरले. आता विचारताय की जागा बदलावी, तिकीट कमी करावं, की हा प्रकार बंदच करावा. घरचेही म्हणतायत की लोकांच्या जेवणावळी घालायला अमेरिकेत गेलास का.

मी १९८७ साली नाशिकहून मिडवेस्टातल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत बीएस करायला आलो, दुसऱ्या वर्षी फ्रॅटर्निटीत गेलो, आणि १९९८ पासून आमच्या चॅप्टरच्या, म्हणजे फ्रॅटर्निटीच्या त्या कॉलेजातल्या शाखेच्या, वार्षिक भोजनाचं काम बघतोय. मधली दोन वर्षं सोडली तर दरवर्षी. त्यामुळे जे लिहितोय ते केलेलं आणि चुकलेलं, दोन्ही आहे.

इथे वाचणाऱ्या ज्यांना फ्रॅटर्निटी म्हणजे फक्त पार्ट्या असं वाटतं, त्यांच्यासाठी थोडक्यात. चाळीस-पन्नास मुलं एका घरात राहतात, स्वयंपाक्याचा पगार आणि छपराची दुरुस्ती आपसात वर्गणी काढून भागवतात, एकमेकांना बंधू म्हणतात, आणि हे सदस्यत्व पदवीबरोबर संपत नाही, आयुष्यभराचं असतं. म्हणून वर्षातून एकदा, बहुधा स्थापनादिनाच्या सुमारास, जुने आणि नवे सगळे एका जेवणाला जमतात. त्यालाच फाउंडर्स डे बँक्वेट म्हणतात. कॉलेजच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात तुमच्या शेजारी बसलेला माणूस तुम्हाला बहुधा ठाऊकही नसतो. इथे तो तुमच्याच जिन्यानं चार वर्षं वर-खाली केलेला असतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

मला तुमच्या अडचणीत जागेचा किंवा तिकिटाचा दोष दिसत नाही. १९९४ च्या माणसाला २०१९ च्या मुलाची ईमेल आली, एवढंच झालंय. त्याला तुमचं नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही. बँक्वेटचं नाव निघालं की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘आपल्यातले कोण कोण येतायत?’ तुमच्या ईमेलमध्ये तारीख होती, हॉटेलचा पत्ता होता, मेनू होता. याचं उत्तर नव्हतं. माझे नाशिकचे काका नुसती पोस्टानं पत्रिका आली तर लग्नाला जायचे नाहीत. घरी येऊन कुणी अक्षत दिली की मात्र मुक्काम टाकून जायचे. अमेरिकन माणूस यात वेगळा आहे असं मला इतक्या वर्षांत आढळलेलं नाही.

आता, काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथून कळत नाहीत. तुमचं चॅप्टर आज चालू आहे की युनिव्हर्सिटीनं बंद केलंय? घर अजून तुमच्या हाउस कॉर्पोरेशनच्या, म्हणजे घर सांभाळणाऱ्या संस्थेच्या, ताब्यात आहे की विकलं? कॉलेज कोलंबससारख्या मोठ्या शहरात आहे की दोन तास गाडी चालवत जावं लागतं? चॅप्टर बंद असेल तर बँक्वेटमध्ये विद्यार्थी नसणार, आणि मग ते हळूहळू फक्त आठवणींचं जेवण होतं. तिथे दरवर्षी न करता दोन किंवा तीन वर्षांनी करणं शहाणपणाचं. चॅप्टर चालू आहे असं धरून पुढचं लिहितो.

आम्ही २००३ साली तुमच्याच ठिकाणी होतो. आमचे ३४ आले होते. पुढच्या वर्षी आम्ही यादी वर्षांप्रमाणे फोडली आणि प्रत्येक चार-पाच वर्षांच्या गटातून एक माणूस शोधला. तो अध्यक्ष राहिलेला किंवा फार यशस्वी झालेला असायची गरज नाही. ज्याच्याकडे अजून सगळ्यांचे फोन नंबर आहेत, तो हवा. असा एकजण प्रत्येक तुकडीत असतोच. बाळाचं बारसं असो की कुणाचे वडील गेलेले असोत, बातमी त्याच्यामार्फतच फिरते. आम्हाला असे नऊ जण मिळाले. प्रत्येकानं बारा फोन करायचे, ईमेल नाही, मेसेजही नाही, फोन. आणि बोलायचं एवढंच: मी येतोय, अमुक येतोय, तुझं काय? त्या वर्षी ८१ जण आले. हॉटेल तेच होतं, तिकीट उलट पाच डॉलरनं वाढलं होतं.

दुसरं काम म्हणजे येणाऱ्यांची नावं उघड ठेवायची. कुणी पैसे भरले की त्याच दिवशी त्याचं नाव आणि वर्ष यादीत चढवायचं, आणि यादी दर आठवड्याला सगळ्यांना पाठवायची. पहिले तीन आठवडे ती यादी केविलवाणी दिसते, तरी पाठवायची. एखाद्या वर्षाची तीन नावं एकदा दिसली की चौथा आणि पाचवा आपोआप येतात. तीन होईपर्यंत मात्र फोन थांबवू नका.

तारखेबद्दल. तुम्ही लिहिलंय की काहीजण होमकमिंगच्या, म्हणजे जुने विद्यार्थी कॉलेजात परत येतात त्या, शनिवारी करू म्हणतायत, कारण लोक फुटबॉलच्या सामन्याला गावात असतातच. आम्ही दोनदा करून पाहिलं. लोक गावात असतात हे खरं, पण सकाळपासून मैदानाबाहेर गाडीमागे खाणं-पिणं चालू असतं, सामना लांबतो, हॉटेलचे दर दुप्पट झालेले असतात, आणि रात्री आठला सूट घालून जेवायला बसायची कुणाची तयारी नसते. होमकमिंगला घराच्या अंगणात सॅंडविच आणि कॉफी ठेवा, तेवढं पुरे. बँक्वेट वेगळ्या दिवशी घ्या. तो दिवस स्थापनेच्या तारखेलाच हवा असा हट्टही धरू नका. बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीची स्थापना ८ ऑगस्ट १८३९ ची, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीतली. फाय डेल्टा थीटाची २६ डिसेंबर १८४८ ची, नाताळच्या दुसऱ्या दिवसाची, आणि त्यांचा फाउंडर्स डे १५ मार्चच्या आसपास, रॉबर्ट मॉरिसन या संस्थापकाच्या वाढदिवसाच्या सुमारास होतो. या दोन्ही संघटना तुमच्याच राज्यात ऑक्सफर्ड गावातल्या मायामी युनिव्हर्सिटीत सुरू झाल्या. त्यांनी तारीख सांभाळून घेतली, तुम्हीही घ्या. मार्च निवडलात तर कॉलेज बास्केटबॉलची स्पर्धा आणि मुलांची स्प्रिंग ब्रेकची सुट्टी, दोन्हींचं वेळापत्रक आधी बघा.

पैशांचं जरा बारकाईनं सांगतो, कारण तिथे तुम्ही फसलात. हॉटेलच्या मेनूवर ४८ डॉलर लिहिलेलं असतं आणि त्यापुढे अधिकची दोन चिन्हं असतात. ती दोन चिन्हंच महाग पडतात. समजा सर्व्हिस चार्ज २२ टक्के आहे: ४८ चे साडेअठ्ठावन्न झाले. त्यावर ८ टक्के टॅक्स, बऱ्याच राज्यांत तो सर्व्हिस चार्जवरही लागतो: ताट गेलं ६३ डॉलरवर. त्या हिशेबानं २९ ताटं म्हणजे १,८०० डॉलरच्या वर. शिवाय माइक, पडदा आणि बारटेंडरचे पैसे वेगळे. करारात ‘खाण्यापिण्याची किमान रक्कम’ असा एक आकडा असतो. त्यात बहुधा सर्व्हिस चार्ज आणि टॅक्स धरत नाहीत, फक्त मूळ किंमत धरतात. सही करायच्या आधी हे तोंडी विचारा आणि उत्तर ईमेलवर लिहून मागा.

हमीचा आकडा सहसा तीन कामाचे दिवस आधी द्यायचा असतो. एकदा दिलेला आकडा वाढवता येतो, कमी करता येत नाही. म्हणून पैसे भरलेल्यांची संख्या हीच हमी. ‘येतो म्हणाला’ हे त्यात धरायचं नाही, मग तो तुमचा जिवलग असो. बरीच हॉटेलं हमीपेक्षा थोडी ताटं जास्त तयार ठेवतात. तीही किती, ते विचारून घ्या. पहिल्या वर्षी मी तुमच्या जागी असतो तर हॉटेलात गेलोच नसतो. चॅप्टरच्या घरातलं जेवणघर, चर्चचा हॉल किंवा एखाद्या रेस्टॉरंटची मागची खोली घेऊन ४० माणसांचं नीटनेटकं जेवण केलं असतं. ४० माणसं ४० च्या खोलीत भरलेली दिसतात. तीच माणसं १५० च्या बॉलरूममध्ये विरळ दिसतात, आणि आलेल्याला वाटतं की आपली संघटना मोडीत निघाली.

तिकिटाचा दर सगळ्यांना एकच ठेवू नका. आमच्याकडे दहा वर्षांपेक्षा जुन्यांना ७५, शेवटच्या पाच वर्षांतल्यांना ४०, आणि सध्या शिकणाऱ्या मुलांना, म्हणजे ॲक्टिव्हना, फुकट. त्यांची ताटं जुने सदस्य पुरस्कृत करतात. फॉर्मवर फक्त एक ओळ लिहा: ‘एका विद्यार्थ्याचं ताट माझ्याकडून.’ १९६०-७० च्या दशकातली माणसं दोन-दोन, तीन-तीन ताटं भरतात आणि पुढच्या वर्षी विचारतात, माझ्या ताटावर जेवलेला पोरगा कुठे लागला? आणि हो, शाकाहारींसाठी फॉर्मवर स्पष्ट जागा ठेवा, हॉटेलला आकडा आधी द्या. १९९९ साली मला उकडलेल्या गाजराची वाटी मिळाली होती, आणि त्या वर्षी आमच्याकडे आणखी चार शाकाहारी मुलं होती. बोलावून उपाशी ठेवणं बरं नव्हे.

दारूचा विषय टाळू नका. ॲक्टिव्हमधली निम्मी मुलं २१ च्या आतली असतात. यजमान म्हणून बार चालवू नका. परवाना असलेल्या हॉटेलनं किंवा केटररनंच द्यायची, ओळखपत्र त्यांनीच तपासायचं, आणि ज्याची त्यानं विकत घ्यायची. नॉर्थ अमेरिकन इंटरफ्रॅटर्निटी कॉन्फरन्स या फ्रॅटर्निटींच्या महासंघाच्या सदस्य संघटनांवर १ सप्टेंबर २०१९ पासून बंधन आहे की १५ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोलची कडक दारू चॅप्टरच्या घरात किंवा कार्यक्रमात परवानाधारक विक्रेत्याशिवाय नको. तुमच्या मुख्यालयाचे आणि विम्याचे नियम त्याहून कडक असू शकतात, ते मागवून वाचा. आम्ही जेवण सुरू झालं की बार बंद करतो. पहिल्या वर्षी कुरकुर झाली, नंतर कुणी बोललं नाही.

आता संध्याकाळ कशी असावी. माझ्या अनुभवात भाषणांनी बँक्वेट मरतं. आलेल्या माणसाला बोलायचं असतं, आणि आपण त्याला दीड तास ऐकायला बसवतो. व्यासपीठावरचा सगळा कार्यक्रम ४० मिनिटांत संपवा. साठ इंची गोल टेबलं घ्या, प्रत्येकाला आठच खुर्च्या. दहा बसतात, पण मग समोरच्याचं ऐकू येत नाही. बैठक वर्षांप्रमाणे लावा आणि प्रत्येक टेबलावर एक किंवा दोन ॲक्टिव्ह. त्यांना एकत्र बसू देऊ नका, नाहीतर ते कोपऱ्यात आपापल्या फोनमध्ये असतात.

सगळ्यात मोलाची वस्तू तुमच्या घराच्या माळ्यावर किंवा तळघरात पडलेली आहे: जुनी कॉम्पोझिट. त्या त्या वर्षीच्या सगळ्या मुलांचे छोटे गोल फोटो एका मोठ्या चौकटीत लावलेले असतात, तीच. येणाऱ्यांच्या वर्षांची सात-आठ उचला, पुसा आणि हॉलच्या दाराशी स्टँडवर उभी करा. २००४ साली आम्ही ती पहिल्यांदा आणली. १९५१ च्या चौकटीसमोर एक आजोबा काठी टेकून उभे होते. कोट अंगातच होता, काढायचं भान नव्हतं. काचेवर बोट ठेवून एकेक ओळ डावीकडून उजवीकडे चालले होते. तिसऱ्या ओळीत बोट थांबलं. शेजारी एकोणीस वर्षांचा ॲक्टिव्ह पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. आजोबा त्याला म्हणाले, “हा कोरियातून परत आला नाही. तू सध्या कुठल्या खोलीत राहतोस?” पोरगा म्हणाला, “दुसरा मजला, मागची.” ते म्हणाले, “आम्हीही.” मग दोघं अर्धा तास तिथेच उभे, सूप गार झालं. त्या मुलानं पुढे सहा वर्षं आमच्याकडे फोनयादी सांभाळली.

कार्यक्रमात दोन गोष्टी कधीही कापू नका. एक, वर्षांची हाक: दशक पुकारायचं, त्या दशकातले उभे राहतात, बाकीचे टाळ्या वाजवतात, शेवटी सगळ्यात जुना आणि सगळ्यात नवा एकमेकांशी हात मिळवतात. दोन, त्या वर्षात गेलेल्यांची नावं, वर्षासकट, सावकाश, मध्ये कुठलंही संगीत न लावता. नावाचा उच्चार घरच्यांना विचारून ठेवा. २५ आणि ५० वर्षं झालेल्यांना पिन द्यायची पद्धत असेल तर ती या दोन्हींच्या मध्ये घ्या.

आणि एक गोष्ट आधीच बजावून सांगायची. जुन्या सदस्यांना माइक दिला की ‘आमच्या वेळी नव्या मुलांना रात्रभर कसं जागवलं, काय काय प्यायला लावलं’ याच्या गोष्टी हमखास निघतात. हॉल हसतो. २००९ साली आमच्या एका वक्त्यानं अशी गोष्ट सांगितली, आणि मी समोर बसलेल्या ॲक्टिव्हचे चेहरे बघत होतो. ते हसत नव्हते, ते टिपून घेत होते. त्यांच्या लेखी मोठ्यांनी परवानगी दिली होती. अशा छळात मुलं मेलेली आहेत. आता डिसेंबर २०२४ मध्ये संघराज्याचा कायदाही झालाय, कॉलेजांना असे प्रकार मोजून जाहीर करावे लागतात. आम्ही २००९ च्या त्या प्रसंगापासून वक्त्याला आठवडाभर आधी फोन करून स्पष्ट सांगतो की हा विषय नको. दोघांनी त्यावर यायचं नाकारलं. त्यांना न आणल्याची मला खंत नाही.

देणगीची झोळी जेवणात फिरवू नका. आम्ही एका वर्षी छपरासाठी आवाहन केलं, २२,००० डॉलर जमले, आणि पुढच्या वर्षी उपस्थिती तिसऱ्या हिश्शानं घटली. लोकांना वाटलं, बोलावलं ते यासाठी. मागायचं तर दोन महिन्यांनी वेगळं पत्र लिहा, आणि त्यात करसवलतीचं खरं तेच सांगा: फ्रॅटर्निटी करकायद्यानं सहसा सोशल क्लब असते, तिला दिलेल्या पैशांवर सवलत नाही. शिक्षणासाठी काढलेल्या स्वतंत्र फाउंडेशनला दिले तर मिळू शकते.

तुम्ही विचारलंय की काही संघटनांचे मेळावे दरवर्षी भरलेले कसे असतात. मला सगळ्यात शिकायला मिळालं ते कृष्णवर्णीयांच्या फ्रॅटर्निटींकडून. अल्फा फाय अल्फा ४ डिसेंबर १९०६ रोजी कॉर्नेल युनिव्हर्सिटीत सुरू झाली. त्यांच्याकडे शहराशहरांत पदवीधरांची स्वतंत्र चॅप्टर आहेत, ती महिन्याच्या महिन्याला भेटतात, शिष्यवृत्त्या देतात, मतदार नोंदणी करतात. स्थापनादिनाच्या जेवणाला येणारी माणसं तिथे वर्षभर भेटलेली असतात. आपण वर्षात एकदाच बोलावतो आणि माणूस आला नाही की रुसतो. म्हणून आम्ही वर्षातून दोन शनिवार घराची डागडुजी आणि रंगकाम ठेवलं. पंधरा माणसं येतात, पण तीच पुढे फोन करतात.

तुमची फ्रॅटर्निटी दक्षिण आशियाई मुलांची असती, म्हणजे १९९८ साली टेक्सस युनिव्हर्सिटीत ऑस्टिनला निघालेल्या डेल्टा एप्सिलॉन सायसारखी, तर मी जरा वेगळं सांगितलं असतं. तिथे सगळ्यात जुने सदस्यही आत्ता पन्नाशीच्या आत-बाहेर आहेत, घरी लहान मुलं आहेत. त्यांना रात्रीच्या बँक्वेटपेक्षा दुपारचं, मुलाबाळांसकटचं जेवण सोयीचं. आपल्या महाराष्ट्र मंडळांच्या संक्रांतीला मुलांची खोली वेगळी असते, तशी सोय केली की जोडपी येतात. तुमच्या १९९५ ते २०१० च्या तुकड्या येत नसतील तर हेही एक कारण असू शकतं. त्यांना विचारा.

बंद करू नका. पण पुढचं हॉटेल बघायच्या आधी एक काम करा. गेल्या वर्षी जे ३१ आले, ते सत्तरीतले असूनही का आले याचा शोध घ्या. माझी जवळजवळ खात्री आहे की त्यांच्यात एकजण आहे जो दर जानेवारीला वही उघडून सगळ्यांना फोन करतो, आणि तुमच्या मंडळातल्या कुणालाही ते ठाऊक नाही. तो सापडला की त्याच्या घरी जा, फोनवर भागवू नका. ती वही मागू नका, तो ती कशी वापरतो ते शेजारी बसून बघा. मग तुमच्या २०१५ ते २०१९ च्या बारा जणांची यादी काढा आणि पहिला फोन तिथूनच, त्याच्यासमोर करा.